सावड आणि कॅमेरा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात पॅकिंग लाइनवर कॅमेरे बसले, तेव्हा एचआरच्या साहेबांनी कागद वाटला: ‘एआय तुमच्या सुरक्षिततेसाठी.’ मी तिथं लेबलं चिकटवते आणि सुट्टीच्या दिवशी संघटनेची पत्रकं लिहिते. असलं गोड वाक्य दिसलं की मला आधी वास येतो. पण पुढं जे झालं, त्यात घाण माझीही होती.

लाइनवर हरसूलच्या एक मावशी आहेत, कितीतरी वर्षं कंत्राटीच. कॅमेऱ्याच्या रिपोर्टवरून त्यांना नोटीस आली: वारंवार जागेवर नसता, कामावरून का काढू नये, खुलासा द्या.

"अगं, मला साखर हाय. संडासला जावं लागतं," मावशी म्हणाल्या. "पण काम अडलंय का कधी? शेजारची माझी खोकी भरते, तिच्या वेळंला मी भरते. भातलावणीला सावड करतो आम्ही, तसंच."

मला चेवच आला. सावडीवर दोन पानं ठोकली, मावशींची सही घेतली आणि साहेबांच्या टेबलावर आपटली.

साहेबांनी शांतपणे वाचलं. "म्हणजे एकीचं काम दुसरीच्या नावावर. लेखी कबूल?"

दुसऱ्या दिवशी शेजारणीलाही नोटीस.

"वा गं पुढारीण!" ती म्हणाली. "कॅमेऱ्याला दिसलं नव्हतं, ते तू दाखवलंस."

चौकशीला दोघींबरोबर मी गेले.

"चित्रण तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी विचारलं.

"सिस्टिमचा रिपोर्ट आहे. सिस्टिम चुकत नाही."

"मग नोटिशीवर सही तुमची कशाला?"

साहेब पाणी प्यायले. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि लाइनवरच्या सगळ्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, सावड आम्ही समद्याच करतो. आम्हालाबी द्या नोटिसा."

खाली गेटवर माल न्यायला ट्रक उभा होता. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. "बरं, जा कामाला. घेतल्या मागं."

मावशी खुर्चीतून हलल्या नाहीत. "कॅमेरा सगळं लिहून ठेवतो. तुम्हीबी लिवा."

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. मी तीनदा वाचल्या. दुसऱ्या ओळीत ‘तूर्त’ होतं.

मावशींनी कागद घडी करून पिशवीत घातला, लाइनवर आल्या आणि तशाच संडासकडं वळल्या. शेजारणीनं कॅमेऱ्याकडं एकदा पाहिलं आणि त्यांची खोकी आपल्याकडं ओढली.