आईचा डावा हात
इकडे हिंदी मुलखात, आमच्या शहरातल्या पाटणकर बाजारात लाखेच्या बांगड्या तापवल्याचा वास आला की मला माझ्या लग्नातला चुडा आठवतो. बांगडीवाल्या चाचीनं घरातल्या सगळ्या बायकांचे हात भरले आणि शेवटी आई बसली. तिनं फक्त उजवा हात पुढे केला. डाव्या मनगटापाशी डॉक्टरांनी डायलिसिससाठी धमनी शिरेला जोडली होती. ती शीर फुगून दोरीसारखी वर आली होती आणि त्या हातात काहीही घालायची मनाई होती. "मुलीच्या लग्नात सवाष्णीचा एक हात रिकामा? अच्छा नाही दिसत," आत्या म्हणाली, "दोन तरी घाल." "रिकामा नाहीये वन्सं, हात लावून बघा," म्हणत आईनं आत्याची बोटं त्या शिरेवर ठेवली. आत घरघरत वाहणारं रक्त जाणवताच आत्यानं दचकून हात मागे घेतला. "ही दबून बंद पडली तर परवा माझं डायलिसिस कसं होणार?" आईनं विचारलं. "मग पदर तरी घे वर." "नाही घेणार," आई शांतपणे म्हणाली, "या हातामुळे मी लेकीचं लग्न बघतेय. तो लपवू कशाला?" दुसऱ्या दिवशी मांडवात फोटोवाला म्हणाला, "आंटीजी, ये हाथ थोड़ा पीछे," तेव्हा तिनं तोच हात माझ्या खांद्यावर, अगदी पुढे ठेवला. तो फोटो आतल्या खोलीत लावायचं अजूनही कोणी ना कोणी सुचवतं. मी तो बैठकीत, दारासमोर लावला आहे.