मंगलाष्टकाचा रिमिक्स

माणूस म्हातारा झाला की त्याला जुनी गाणी आवडायला लागतात, या समजुतीला आमच्या साडभाऊंनी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत केव्हाच मूठमाती दिली आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान; नातं दुतर्फा, म्हणून तेही मला साडभाऊच म्हणतात. जन्मभर बी-बियाणं आणि खतं विकली, साठी उलटल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली केलं, आणि त्या वयात चारचौघं जे करतात, म्हणजे सकाळी फिरायला जाणं, गुडघ्याला तेल चोळणं, सरकारला नावं ठेवणं, यातलं काहीएक न करता हा गृहस्थ इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या नादी लागला. माझं वर्ध्यात कापडाचं दुकान आहे. सगळं आयुष्य मीटरपट्टीवर गेलेलं, त्यामुळे आमच्या धंद्यात माणसाला हादरे सहसा बसत नाहीत. मला जे काही बसले ते या एका माणसाच्या बैठकीत बसले.

पहिल्यांदा कळलं तेव्हा भर दुपारची वेळ होती. फाटकापासूनच जमीन हादरत होती. शेजारी कोणीतरी बोअर मारून घेत असेल असं समजून मी चप्पल काढली, आत गेलो, आणि दारातच थिजलो. खताच्या पोत्याएवढ्या दोन स्पीकरांच्या मधोमध साडभाऊ बनियन आणि लुंगीवर डोळे मिटून मांडी घालून बसलेले. मांडीवर ताल धरलेला. मी काही बोलणार तोच डोळे न उघडता त्यांनी हात वर केला. मी बसलो. ते जे काय चाललं होतं ते संपल्यावर, घरात नातू झाल्याची बातमी सांगावी तशा आवाजात ते म्हणाले, "साडभाऊ, आज आलं जी हे. आज सकाळी. अजून कोणी आयकलं नसंन आपल्या इकडं." मी विचारलं, यात गाणं कुठे आहे? तर मलाच उलट समजावून सांगितलं. त्यांचं लहानपण सेलूकडच्या गावात, कापसाच्या जिनाला लागून गेलं. हंगामात रात्रंदिवस मशीन चालायचं आणि त्या ठेक्यावर यांना झोप लागायची. पुढे ते जिन बंद पडलं. मग इतक्या वर्षांनी एक दिवस लेकीच्या मोबाइलवर तसलाच ठेका ऐकला आणि, "मले वाटलं, अरे, हे तर आपल्या गावचं आहे."

स्वीडन म्हणा, कोरिया म्हणा, जगात जिथे जिथे ही गाणी बनतात तिथली नवी गाणी शुक्रवारी येतात. त्यामुळे शुक्रवार हा या घरात सोवळ्याचा दिवस. साडभाऊ पहाटे आंघोळ करतात, तर्रीपोहे खातात आणि स्पीकरपुढे बसतात. त्या दिवशी ते साखरपुड्याला जात नाहीत, तेरवीला जात नाहीत, बँकेत जात नाहीत. शेजारचे पेन्शनर एकदा तक्रार करायला आले, त्यांनाही बसवून ठेवलं. जाताना तो माणूस तक्रार विसरला आणि कुठलं गाणं जास्त बरं यावर वाद घालत गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गाण्यांची पारख अशी की, "याले किक आहे, पण पोट नाई," किंवा "हे सिंथपॉप आहे, हे बाया-माणसांत चालते." महिन्यापेक्षा जुनं गाणं मात्र घरात लावू देत नाहीत. मी एकदा बिचकत बिचकत सुचवलं की आपल्या तरुणपणीची सिनेमातली गाणी काय सुरेख होती. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ते आयकून झालं ना जी. किती डाव आयकता?" मी कपाळावर हात मारून घेतला.

ऐकण्यावर भागलं असतं तरी मी गप्प राहिलो असतो. पण लेकीचा जुना लॅपटॉप हाती लागला आणि साडभाऊ स्वतः गाणी जुळवायला बसले. मग घरातली कुठलीच वस्तू सुरक्षित राहिली नाही. पिठाची चक्की, कुकर, कुलरचा पंखा, दळणवाल्याची सायकल, सगळ्यांचे आवाज त्या लॅपटॉपात जाऊन बसले. एका गाण्यात मधूनमधून काहीतरी फुटल्यासारखा आवाज येत होता, अगदी तालावर, आणि ऐकताना मला उगीच ओळखीचं वाटत होतं. मी विचारलं, हा फटाका आहे का? "नाई जी, तुमची शिंक आहे. मागं आपण तेरवीले बसलो होतो ना पंगतीत, तवा घेतली. बढिया आली आहे." माझी परवानगी नाही, मला पत्ता नाही, आणि माझी शिंक मोबाइलवरून पार हैदराबादच्या नातेवाइकांपर्यंत जाऊन आलेली. आमची बायको मात्र तोंडाला पदर लावून हसत होती.

त्यांचा जीव की प्राण म्हणजे ड्रॉप. ठेका वाढवत वाढवत न्यायचा, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता छप्पर उडणार, आणि तिथे सगळं एकदम बंद. चिडीचूप. माणसाचा जीव टांगणीला लागला की मग धाडकन सगळी वाद्यं एकदम कोसळवायची, याला ड्रॉप म्हणतात. हे गाण्यापुरतं ठेवावं ना? साडभाऊ बोलण्यातही ड्रॉप घ्यायला लागले. एक दिवस दुकानात त्यांचा फोन आला. "साडभाऊ, तुमचे भाऊ हास्पिटलात," एवढं म्हणाले आणि थांबले. मी हॅलो हॅलो करतोय, पलीकडे श्वाससुद्धा ऐकू येईना. मी कापडाच्या ताग्यांवरच बसलो. मग आवाज आला, "भेटले जी आत्ता. कोण्या पाहुण्याले पाहाले आलते. मस्त आहे एकदम." मी फोन ठेवला आणि नोकराला पाणी आणायला सांगितलं.

आता ताईंविषयी सांगतो. ताई म्हणजे साडभाऊंची बायको, नात्यानं माझी आकडसासू. वर्धा, पुलगाव, आर्वी, कुठेही आमच्या गोतावळ्यातलं लग्न असलं की मंगलाष्टक ताईंनी म्हणायचं, हे ठरलेलं. नवरानवरीची नावं गुंफून त्या दर वेळी नवी कडवी रचायच्या आणि असा खणखणीत आवाज लावायच्या की मांडवाबाहेरचे घोडेवालेसुद्धा गप्प व्हायचे. माझ्या लग्नात त्यांनीच म्हटलं. मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाजाची खात्री नाही. तसंच झालं. उरला तो चिरका, फाटका, मधेच हवा जाणारा आवाज. ताईंनी तो चार माणसांत काढायचाच सोडून दिला. खुणेनं बोलायच्या, फोन आला तर साडभाऊंच्या हातात द्यायच्या. पोटच्या पोरीशीसुद्धा फोनवर बोलेनात.

आणि त्या पोरीचं लग्न ठरलं. ती सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला, बापासारखीच हट्टी. तिनं सांगून टाकलं, "आईच्या आवाजात मंगलाष्टक होईन, नाई तं कोणाच्याच नाई." ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. साडभाऊ नुसते बसून राहिले. त्या दिवशी शुक्रवार होता आणि स्पीकर बंद होते, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ते नातेवाइकांच्या घरी हिंडायला लागले. ज्यांच्या ज्यांच्या लग्नात ताई गायल्या होत्या, त्यांच्या कपाटांतून जुन्या कॅसेट आणि सीड्या काढून आणल्या. पण लग्नातलं रेकॉर्डिंग ते. कुठे बँडवाला मधेच पिपाणी लावतोय, कुठे पोरगं रडतंय, कुठे "आर्वीचे पाहुणे जेवायला बसा" असं कोणी ओरडतंय. कडव्यांत नावं भलत्याच नवरानवरीची. साफ मिळालं ते फक्त शेवटचं "सावधान". ते मात्र प्रत्येक लग्नातलं मिळालं. साडभाऊंनी ती सगळी एका ठेक्यावर ओवली आणि मला ऐकवायला बोलावलं. मी हसायची तयारी करूनच गेलो होतो. पण त्यात ताईंचा पंचविशीतला आवाज होता, चाळिशीतला होता, मधे कुठेतरी माझ्या लग्नातलाही होता. मी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. ताई दारात उभ्या होत्या. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मी जिती आहे ना अजून? मंग फोटोले हार घातल्यावानी माहा आवाज कायले लावता?" आणि निघून गेल्या. साडभाऊ मला म्हणाले, "तिले राग आला. पण पोरीचं लगन तिच्या आवाजाबिगर कसं लावू, सांगा ना."

लग्न बोरगाव मेघेकडच्या एका लॉनवर. नवरदेवाकडची माणसं व्यापारी, शिस्तीची. मुहूर्त आला, अंतरपाट धरला गेला, दोन्हीकडचे मामा हात उंच करून उभे राहिले. बँडवाले फाटकाशी काड्या उगारून तयार, कारण शेवटच्या सावधानला त्यांनी सुरू करायचं असतं. भटजींनी आपले मंत्र आटोपून साडभाऊंकडे मान हलवली. साडभाऊंनी लॅपटॉपवर बोट ठेवलं. लॉनभर ताईंचा तो जुना, खणखणीत आवाज उठला: सावधान.

लोकांनी अक्षता टाकल्या. आमच्या माणसाच्या कानावर सावधान पडलं की हात आपोआप उठतो, तिथे डोकं चालत नाही. पण लगेच दुसरं सावधान आलं. पुन्हा हात उठले. मग तिसरं, मग ठेका लागला आणि सावधानवर सावधान कोसळायला लागली. एकालाही हात आवरता येईना. आमच्याकडच्या अक्षता ज्वारीच्या, चांगल्या लागतात अंगाला. मागच्या रांगा नेहमीप्रमाणे पुढच्या रांगांच्या टकलांवर नेम धरत होत्या. वाटणाऱ्या बायांच्या परड्या बघता बघता रिकाम्या झाल्या. पोरं खाली पडलेली ज्वारी वेचून पुन्हा फेकायला लागली. नवरदेवाच्या काकांनी हातातल्या संपल्या तशा शेजाऱ्याच्या मुठीतल्या घेतल्या. एका सभ्य गृहस्थांना मी पाहुण्यांच्या ताटातली बडीशेप फेकताना पाहिलं. भटजी डोक्यावर उपरणं धरून उभे होते आणि मी, कापडाचा व्यापारी, तोंडाचा आ करून बघत होतो. ठेका चढत चढत पार वर गेला, आणि साडभाऊंनी आपल्या सवयीनं तिथे सगळं बंद केलं.

लॉनवर चिडीचूप. साडभाऊंचं बोट हवेत. पण ड्रॉप काय असतो हे त्या मांडवात आम्हा घरच्यांना सोडून कोणाला माहीत? लोकांना वाटलं लाइट गेली. कोणाच्या हातात एक दाणा उरलेला नाही. शेवटचं सावधान होऊन गेलं की व्हायचं आहे, हे ना मामांना कळेना, ना बँडवाल्यांना. अंतरपाट धरून धरून मामांचे हात भरून आले. अंतरपाटाआड पोरगी मान खाली घालून उभी, आणि मुहूर्त चाललेला. मला वाटलं, झालं, आता व्याही चिडणार आणि या माणसाची जन्माची नाचक्की होणार.

ताई पोरीच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग भटजींच्या हातातला माईक ओढून घेतला आणि त्या फाटक्या, चिरक्या आवाजात म्हणाल्या, "शुभ मंगल, सावधान."

कोणाकडे टाकायला काही नव्हतं, म्हणून सगळ्यांनी नुसते हात जोडले. अंतरपाट खाली आला. बँड सुरू झाला, आणि त्याच्या गदारोळात साडभाऊंचा ड्रॉप येऊन गेला की राहूनच गेला ते कोणालाच कळलं नाही. त्यांनाही नाही. ते तोंड उघडं टाकून ताईंकडे बघत होते. आजवर मला हादरवून सोडणाऱ्या माणसाचा चेहरा हादरल्यावर कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पोरीनं वरमाला घालायच्या आधी आईच्या गळ्यात हात टाकला आणि नवरदेव बिचारा मान पुढे करून तसाच उभा राहिला.

पाठवणी झाली, गाड्या गेल्या. लॉनवर सगळीकडे ज्वारी सांडलेली, चालताना पायाखाली करकरत होती. साडभाऊ एका खुर्चीवर लॅपटॉप मिटून बसले होते. मी शेजारी बसलो. चेष्टा करावी असं मनात होतं, पण त्यांचा चेहरा पाहून राहू दिलं. "रागावल्या का ताई?" मी विचारलं. "नाई," ते म्हणाले. "मले म्हणे, पोट्टीले ताटकळत ठेवता का? बस्, तेवढंच." मग त्यांनी लॅपटॉपवर पडलेले ज्वारीचे दाणे एकेक करून वेचले. या वेळची शांतता ड्रॉपच्या आधीची नव्हती, तेवढं मला कळलं. "साडभाऊ, मी गावोगाव तिचा आवाज शोधत फिरलो जी. कोणाकोणाची कपाटं उघडली. आणि घरात होता तो. आत्ताचा. तो घ्याचं मले सुचलंच नाई."

समोर बँडवाल्यांची पंगत बसली होती. ताई हातात जिलबीचं ताट घेऊन एकेकाला आग्रह करत होत्या. त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून ती माणसं घास हातात धरून पुढे वाकत होती. साडभाऊ खुर्चीच्या कडेला सरकले, कानामागे हात धरला आणि तेवढं लांबून काही ऐकू येतं का ते बघत बसले.