चिखल वाळला तरी पाय सुजलेलेच

लीलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सालेकशाच्या बाजारात भाजी घेत होते. पिशवी तिथेच विसरून घरी आले... लीलाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. आईपेक्षा जास्त रागावल्या आणि त्यांनी आईपेक्षा जास्त जेवूही घातलं. त्यांना जाऊन आता महिना उलटला.

रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, त्यांच्यासारखा हात कुणाचाच चालत नसे. पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, जुडी हातात आली की बाकीच्या बायका मागे पडायच्या, वर त्यांची बोलणीही खायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या रोवणीत त्यांचे पाय सुजले. आमच्याकडे याचं नवल कुणालाच नसतं. दिवसभर बांधीत, शेतातल्या गुडघाभर चिखलात, उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? संध्याकाळी पाय कोमट पाण्यात बुडवायचे, किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी घ्यायची, सकाळी पुन्हा चिखलात. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "कायले? चिखलानं सुजले, चिखल वाळला का उतरतीन."

चिखल वाळला. धान घरात आला, दिवाळी झाली, पण जोडवी काही बोटांत जाईनात. सकाळी चेहरा भरलेला दिसे आणि आम्ही कौतुकाने म्हणायचो, बाई अंगात भरल्या! लघवीला फेस येतो हे तर त्यांनी लाजेपायी सांगितलंच नव्हतं. शेवटी गोंदियाच्या डॉक्टरांनी विचारलं, "सूजन कब से है?"

"रोवणीपासून," लीलाबाई म्हणाल्या.

डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. किडन्या बऱ्याचशा निकामी झाल्या होत्या. रक्त-लघवीची साधी तपासणी तेव्हाच झाली असती तर... या 'तर'चा मला अजून राग येतो.

डायलिसिस सुरू झालं तरी स्वभाव तोच. मागच्या रोवणीत त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून बांधीत उतरणाऱ्या प्रत्येकीचा पाय ओढायच्या आणि नडगीवर अंगठा दाबायच्या. "खड्डा राहते का पाहू दे. राहिला तं सूज हाय, दवाखान्यात जा लागते. हसून काऊन राहिली? मी बी हसली होती."

यंदा पहिल्या दिवशी धुरा मोकळा होता आणि कुणाचंच पाऊल बांधीत पडेना. मग मीच खाली बसले आणि शेजारच्या गीताची नडगी दाबली. ती हसत होती. मी अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला.

पऱ्हे धुऱ्यावर टाकून मी तिचा हात धरला आणि दवाखान्याची वाट धरली. मागून कुणीतरी ओरडलं, "आता कुठं चालल्या? रोवणी तं होऊ द्या!"

"नाही," मी म्हटलं, "चिखल वाळाची वाट नाही पाहत आता."