कठड्याऐवजी दोरी

शेवगावात माझं घर आहे आणि त्याच्या डोक्यावर गेली बारा वर्षं सळया उभ्या आहेत. वर आणखी एक मजला चढवायचा आणि मुलगा पुण्याहून परत आला की त्याचा संसार तिथं थाटायचा, असा बेत होता. मुलानं पुण्यातच फ्लॅट घेतला, नातवंडं तिथल्या शाळेत रुळली, तरी सळया काही मी कापल्या नाहीत. आमच्या गल्लीत निम्म्या घरांना अशा सळया आहेत. त्या कापल्या की या माणसानं आशा सोडली असं शेजारीपाजारी समजतात, आणि मी पडलो निवृत्त मास्तर, उमेद सोडू नका म्हणून जन्मभर पोरांचे कान किटवलेला.

या सळयांपायी बाहेरच्या जिन्याला कठडा लागला नाही. वरचा मजला झाला की जिना पुढं न्यायचा, तेव्हा कठडा एकदमच करू, असं मी गवंड्याला सांगितलं होतं. पुढं तेच उत्तर मी सगळ्यांना देत राहिलो.

गच्चीवरची खोली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला भाड्यानं दिली होती. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारे. त्यांच्या घरात दहावीच्या पुढं शिकलेली ती पहिलीच. "सर, जिन्याला काहीतरी लावा ना, भीती वाटते," असं ती दोनदा म्हणाली. दुसऱ्या वेळी मला रागच आला. इतकी वर्षं आम्ही याच जिन्यानं गच्चीवर पापड वाळवायला जातो, कोण पडलं? वैतागून मी कपडे वाळत घालायची नायलॉनची जुनी दोरी काढली, वरच्या सळईला आणि खालच्या पाण्याच्या पाइपला ताणून बांधली आणि म्हणालो, "घे, झाला तुझा कठडा." ती हसली. मला मात्र खरंच मोठं काम उरकल्यासारखं वाटलं.

ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी तिची आई लेकीला भेटायला आली. पुढचे पाच-सहा महिने भेट नाही, म्हणून बाजरीचं पीठ आणि कारळाची चटणी घेऊन आली होती. बायकोनं तिला चहा दिला. "पोरीकडं ध्यान ठेवा, गुर्जी," ती म्हणाली. मी ऐटीत सांगितलं, "निर्धास्त राहा, आपलंच घर समजा." पाच मिनिटांत ती जिन्यावरून खाली फरशीवर पडली. एका हातात पिठाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातानं तिनं दोरीवर सगळा भार टाकला होता. दोरी नुसती नावाला आहे, हे लेकीला माहीत होतं. ती रोज भिंतीला अंग घासत चढायची. भाडेकरूला घराच्या खोड्या ठाऊक होतात, पाहुण्याला कुठून ठाऊक असणार? दोरी बांधलीय म्हणजे धरायला बांधलीय, असंच कुणीही समजेल.

खुब्याचं हाड मोडलं. तिला नगरला हलवलं, तिथं ऑपरेशन झालं. मी माझ्या वकील मित्राकडं गेलो. तो म्हणाला, "जिना तुझा, डागडुजी तुझी. भाडेकरूकडं आलेलं माणूस त्यावरून पडलं तर जबाबदारी तुझ्यावर येऊ शकते. पण ही माणसं कोर्टाची पायरी चढायची नाहीत. तू भेटून ये, फक्त चूक कबूल करू नकोस." हे ऐकून मला हायसं वाटलं. आज ते आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

शहाळी घेऊन मी दवाखान्यात गेलो. काय बोलायचं आणि काय नाही, हे एसटीत बसून घोकलं होतं. मला बघताच ती बाई उशीवरून मान उचलायला लागली आणि म्हणाली, "गुर्जी, तुमची दोरी तुटली वो माझ्याच्यानं."

घोकलेलं सगळं मी सोडून दिलं. मी म्हणालो, "बाई, ती दोरी कुजकी होती. तिथं कठडा पाहिजे होता, तो मी लावला नाही. तुमच्या लेकीनं दोनदा सांगूनसुद्धा लावला नाही. चूक माझी आहे."

तिचा नवरा पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. "व्हय," तो शांतपणे म्हणाला, "पोरीनं सांगितलंय मला." मग म्हणाला, "कोयता म्हंजी जोडी आस्ती, गुर्जी. नवरा तोडतो, बायकू मोळी बांधती. मुकादमाला शबुद दिलाय. आता मी अर्धा कोयता घिऊन कुठं जाऊ?"

मी दुसरं कुणी शोधून देतो म्हणालो. सगळ्यांच्या जोड्या कधीच ठरल्यात, असं त्यानं सांगितलं. तेवढ्यात आईच्या उशाशी बसलेली मुलगी म्हणाली, "मी जाते आण्णांबरोबर." परीक्षेचं काय, असं मी विचारलं. "पुढच्या वर्षी देईन, सर," ती म्हणाली. आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या मुलीला ऊस तोडावा लागू नये, एवढ्यासाठीच ती बाई इतकी वर्षं मोळ्या वाहत होती, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

कठडा मी त्याच आठवड्यात बसवून घेतला. वेल्डिंगवाल्याचं दीड दिवसाचं काम निघालं.

तिचा पहिला पेपर होता त्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही. मी तिला फोन लावला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला. मागून ट्रॅक्टरची धडधड आणि बायकांची हाकाहाक ऐकू येत होती. कशी आहेस, एवढंच मी विचारू शकलो. "बरी आहे सर. मोळी बांधतीय, गाडी भरायचीय. नंतर बोलू का?" ती अजूनही तितक्याच आदरानं मला सर म्हणते. दोन शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे मला सोसत नाही.