अबू नख्लेच्या घरचे दोन नाताळ

येशूच्या जन्मगावाजवळच्या बेत साहूरचा जादल्ला म्हातारा झाला तो, देवदूतांनी मेंढपाळांना येशूजन्म सांगितला म्हणतात, त्या शेतावर परदेशी यात्रेकरूंना हिंडवता हिंडवता. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव त्याला अबू नख्ले, म्हणजे नख्लेचा बाप, म्हणतं. येशूजन्माची तारीख हा त्याचा हुकमी विषय.

"एक शुभवर्तमान सांगतं, हेरोद राजा जिवंत होता," तो सुरू करायचा. "दुसरं सांगतं, खानेसुमारी चालली होती. आणि पुरावे बघाल, तर ती खानेसुमारी हेरोद मेल्यावर दहाएक वर्षांनी झालेली! बरं, मेंढपाळ रात्री उघड्यावर होते म्हणे. ऐन थंडीत? आमच्याकडे तेव्हा मेंढरं गुहेत आणि मेंढपाळ शेगडीपाशी! तेव्हा मंडळी, खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही."

यात्रेकरू खूश होऊन टाळ्या वाजवायचे.

घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान! अबू नख्ले ऑर्थोडॉक्स, जुन्या पंचांगाचा. त्याचा नाताळ सात जानेवारीला, आणि तोवर मांस, दूध, अंडी वर्ज्य. बायको वदीआ कॅथलिक घरातली. तिचा नाताळ पंचवीस डिसेंबरला. लग्न झाल्यापासून त्या दिवशी ती मुलांना घेऊन जेवायला बसायची आणि हे गृहस्थ आतल्या खोलीत एकटेच मसुराची आमटी ओरपत. सात तारखेला मात्र ती बिचारी त्याच्या शेजारी बसायची. हट्टाला धर्माचं नाव दिलं की कुणी बोलत नाही, एवढाच काय तो फायदा.

यंदा नख्ले खूप वर्षांनी चिलीहून आला, बायको आणि तान्ह्या लेकीला घेऊन. रजा वर्षअखेरीपर्यंतच. सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं तर ते पंचवीसलाच.

"यंदा तरी बसा हो," वदीआ म्हणाली. "परत कधी येतोय पोरगा, कुणास ठाऊक."

"सातच्या आधी सण नाही."

"अबू नख्ले, जगाला सांगत फिरता की तारीख कुणालाच ठाऊक नाही. मग ही सात कुठून काढलीत? आणि देवाचं राहू द्या, तुमचा स्वतःचा जन्म कधीचा, ते तरी सांगा!"

नख्लेला हसू आवरेना. कारण म्हाताऱ्याची आई सांगायची, मोठ्या बर्फाच्या साली झाला, जैतुणाच्या फांद्या मोडल्या होत्या तेव्हा. आत्या म्हणायची, छे, बदाम फुलले होते. दोघींचं भांडण ऐकून कंटाळलेल्या कारकुनाने एक जानेवारी लिहून टाकली होती.

"पुराव्यांचा मेळ बसत नाही," अबू नख्ले पुटपुटला आणि आत निघून गेला.

पंचवीसला दुपारी ताटं मांडली गेली. बाहेर हसणं, बशांचा आवाज, मध्येच नातीचं खिदळणं. अबू नख्ले आमटीसमोर बसून होता, पण घास उतरेना. शेवटी त्याने चांगला कोट चढवला, केस विंचरले आणि बाहेर आला.

"हा काही सण नाही," त्याने आधीच बजावलं. "आज माझा वाढदिवस आहे."

"आज?" नख्ले म्हणाला.

"नसेल तर पुरावा आण!"

सगळे खो खो हसले. म्हाताऱ्याने टेबलावरच्या भाजलेल्या कोकराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "पण माझा उपास आहे. मी आपला पाव खाईन."

वदीआ स्वयंपाकघरात गेली आणि एक लहानसं पातेलं घेऊन आली. आत द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या. नुसता भात आणि तेल, मांसाचा कणही नाही.

"हे कधी केलंस?"

"सकाळी." ती वाढू लागली. "दरवर्षीच करते. तुम्ही उठून आलात तर असावं म्हणून. संध्याकाळी शेजारच्या इम्म सलामेला देऊन टाकते."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने आपली खुर्ची वदीआच्या अगदी जवळ ओढली आणि ताट पुढे केलं.

"वाढ. आणि इम्म सलामेला सांगून ठेव, पुढच्या वर्षीपासून तिच्या वाट्याला काही उरायचं नाही."