चाचांच्या अंगणातलं झाड

कायद्याला मनापासून घाबरणारा माणूस कारंजा लाडमध्ये एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहायचा. चाचांचं सुकामेव्याचं आणि मसाल्यांचं दुकान होतं, पण गिऱ्हाइकाला वेलदोड्याच्या आधी कायद्याचं एखादं कलम मिळायचं. होळीच्या तोंडावर कुणी ठंडाईचा मसाला मागितला की चाचा चष्म्यावरून बघत, "भांग त नाई ना मिसळनार? परवान्याबिगर गुन्हा हाय." एकदा एका पाहुण्याने झोपेसाठी घेतलेलं भांगेच्या अर्काचं तेल कौतुकाने दाखवलं. "डॉक्टरची चिठ्ठी कुठं हाय?" म्हणत चाचांनी त्याला अर्ध्या चहावरून उठवलं. मी इंग्रजी शाळेतली, कुणाशी फारसं न बोलणारी. पण सरकारी नियम इंग्रजीतून वाचून मराठीत सांगायचं काम माझं होतं, आणि चाचा ते डोळे मिटून, गाणं ऐकावं तसे ऐकायचे.

देशी पोपट पाळणं गुन्हा आहे हे असंच कळलं आणि त्यांनी त्याच संध्याकाळी आपला पोपट सोडून दिला. रिकामा पिंजरा बघवेना म्हणून कायद्यात बसणारे परदेशी लव्हबर्ड आणले. त्यांच्या तयार दाण्यांची सालपटं आणि सांडलेले दाणे चाची रोज मागच्या अंगणात झटकायच्या. गेल्या पावसाळ्यात तिथं एक रोप उगवलं. ते कमरेएवढं झालं तेव्हा चाचांनी पानं ओळखली आणि दाण्यांची पिशवी उलटी करून तपासली. पाखरांच्या दाण्यात भांगेचं बी होतं.

"बी चालते बेटा, झाड नाई चालत! लागवडीले दहा वर्सांपर्यंत सजा हाय." नेमका त्यांचा पासपोर्टचा अर्ज पोलीस चौकशीसाठी ठाण्यात पडून होता. दुबईतल्या मुलाला मुलगी झाली होती, आणि नात त्यांनी फक्त फोनवर पाहिली होती. गुन्हा लागला की पासपोर्ट गेला, नात गेली. "उपटलं त पुरावा मिटवला, ठेवलं त लागवड, ठाण्यात नेलं त वाहतूक. सांग आता!"

"बकरी बांधा तिथं, खाऊन टाकल," चाची म्हणाल्या.

"मंग बकरी आरोपी!"

शेवटी चाचा ठाण्यात गेले आणि कुणी काही विचारायच्या आत गुन्हा कबूल करून मोकळे झाले. जमादार आले, दाणे पाहिले, पिंजरा पाहिला, झाड उपटून पंचनामा केला आणि पोट धरून हसले. "चाचा, ह्या पाखराइले अटक करू का?"

गुन्हा लागला नाही. पासपोर्ट आला, चाचा-चाची दुबईला गेले, आणि मुलाने त्यांना तिथंच ठेवून घेतलं. लव्हबर्ड माझ्याकडे आहेत. दुकानाच्या बंद शटरसमोरून जाताना माझी पावलं अजून हळू पडतात. वाटतं, आतून कुणीतरी हटकेल.

परवा चाचांचा फोन आला. नात मांडीवर होती, तिचे हुंकार ऐकू येत होते.

"करमतं का चाचा?"

"इथं समदेच नियम पाळते, बेटा. मी कोनाले बोलू?"

परत या, असं ओठांवर आलं होतं. मला ते जमलं नाही. मी म्हणाले, "चाचा, आज मी हेल्मेट न घालता स्कूटीवरून बसस्टँडपर्यंत जाऊन आले."

पलीकडे लगेच त्यांचा आवाज चढला, भरून आला, कलमामागून कलम सुरू झालं. मी नुकतंच डोक्यावरून काढलेलं हेल्मेट मांडीवर घेऊन बसले आणि त्यांना मध्ये एकदाही थांबवलं नाही.