त्रेपन्नाव्या वर्षी पहिला गिअर

सगळी गल्ली त्यांना लिफ्टकाका म्हणायची. लिफ्ट दुरुस्त करता करता त्यांनी त्रेपन्नावं वर्ष गाठलं होतं, पण दुचाकीचं हँडल कधी हातात धरलं नव्हतं. तरुणपणी थोरल्या भावाच्या मागे बसून जाताना दोघं घसरून पडले होते. काकांना खरचटण्यावर निभावलं, भावाचा पाय मात्र कायमचा अधू झाला. तेव्हापासून काका त्या वाटेला गेलेच नाहीत. अवजारांची पिशवी खांद्याला, पास खिशात, आणि बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर दिवस बरा गेला म्हणायचं.

मग त्यांच्या कंपनीने गावाबाहेरच्या नव्या इमारतींचं काम घेतलं. तिथे धड बस जात नव्हती. एका दुपारी तिथल्या लिफ्टमध्ये एक निवृत्त शिक्षिका अडकल्या. फोन आला तेव्हा काका शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. दोन बस बदलून, पुढे चालत, ते घामाघूम होऊन पोचले आणि किल्लीने दार उघडलं. बाई चपला काढून, भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. शेजारी भाजीची पिशवी.

"आलात का?" त्या हसून म्हणाल्या. "मला वाटलं, आता इथेच बिऱ्हाड थाटावं लागतंय."

त्या हसल्या खऱ्या, पण उठताना धरलेला काकांचा हात त्यांनी घराच्या दारापर्यंत सोडला नाही. काकांना ते लागलं. रात्री जेवताना ते एकदम म्हणाले, "मी मोटारसायकल घ्यायची म्हणतोय."

काकू घरी पडदे शिवायच्या. मोजून-मापून बोलणारी बाई. त्यांनी वाटी खाली ठेवली. "अहो, या वयात? जिना चढताना गुडघे कुरकुरतात तुमचे."

"गाडीला जिना नसतो, आई," मुलगी म्हणाली. ती मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायची. दिवसभर रस्त्यावरच असायची.

"मग निदान स्कूटर तरी घ्या."

"तिकडचा रस्ता खड्ड्यांचा आहे. मोठी चाकं बरी पडतात." मग वडिलांकडे वळून ती म्हणाली, "मी शिकवते. पण शिकवत असेन तोवर घरातली मोठी मी."

"बरं, आजी," काका म्हणाले.

शोरूममध्ये काकांचा जीव एका काळ्या, उंच गाडीवर जडला. विक्रेत्याने ते लगेच ओळखलं. "साहेब, तुम्हाला हीच शोभते."

"बसा, बाबा," मुलगी म्हणाली. "आता दोन्ही पाय टेकवा."

काकांचे नुसते चवडे टेकले.

"समजा, चढावर उभे आहात, खांद्याला पिशवी आहे आणि पुढची बस अचानक थांबली. जरा डावीकडे झुका बघू."

काका झुकले आणि गाडी त्यांच्याही पुढे झुकली. विक्रेत्याने आणि मुलीने मिळून ती सावरली. काका निमूटपणे उतरले. मग मुलीने त्यांना कोपऱ्यातल्या एका बुटक्या, राखाडी गाडीवर बसवलं. दोन्ही तळवे सपाट टेकले. पायांनी ढकलत ती मागेही नेता आली.

"पण दिसायला अगदीच ही आहे गं."

"बाबा, तिला बघायला पाहुणे नाही यायचेत."

हेल्मेट घेतानाही वाद झाला. घट्ट हेल्मेटने कान दुखतात म्हणून काकांनी सैल निवडलं होतं. मुलीने त्यांना मान हलवायला लावली. मान डावीकडे गेली, हेल्मेट तिथेच राहिलं. "ही टोपी झाली," ती म्हणाली आणि घट्ट असलेलंच बांधून घेतलं.

शिकाऊ परवाना हातात आल्यावर एका बंद गोदामामागच्या पटांगणात शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी तिने इंजिन चालूच करू दिलं नाही. गाडी ढकला, ब्रेक दाबा, स्टँडवर घ्या, उतरवा. काका वैतागले. "अगं, मी तीस वर्षं मशिनं हाताळतोय!"

"तुमची मशिनं जागच्या जागी वर-खाली करतात. हे आडवं पडतं."

इंजिन सुरू झाल्यावर मात्र काकांचा तोरा उतरला. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. शेवटी मुलगी म्हणाली, "खोलीत बाळ झोपलंय आणि तुम्ही दार लावताय. तसं हळू सोडा." ते त्यांना पटलं. गाडी गुमान पुढे सरकली आणि काका हेल्मेटच्या आत एकटेच हसले. दुसरी खोड जास्त चिवट होती. ते सारखे पुढच्या चाकाकडे बघत. खड्डा दिसला की नजर खड्ड्यावर खिळायची आणि गाडी नेमकी त्यातच जायची. "जिथे जायचंय तिथे बघा!" मुलगी पटांगणाच्या मधोमध उभी राहून ओरडायची. तिचा घसा बसला, तेव्हा कुठे मान वर आली.

आणि मग, जरा जमायला लागल्यावर, अंगात आलं. एका रविवारी मुलगी झोपलेली असताना काकांनी एकट्यानेच गाडी बाहेर काढली. गल्लीच्या वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पसरली होती. काका वळताना घाबरले आणि त्यांनी पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक सरकलं आणि काका गाडीसकट आडवे. किराणा दुकानदार धावत आला. कोपर सोललं होतं, एक आरसा फुटला होता, आणि अर्धी गल्ली खिडक्यांत जमली होती.

काकूंनी जखम धुतली, मलम लावलं आणि त्या पुन्हा शिवायला बसल्या. चार बोल सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी गाडीवर कापड टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बस धरली. तो सबंध आठवडा ते गाडीच्या बाजूने जातानासुद्धा मान फिरवून जायचे.

पुढच्या रविवारी मुलीने त्यांना चालतच त्या वळणावर नेलं.

"लिफ्ट बंद पडली की तुम्ही आधी काय विचारता?"

"शेवटी नीट चालली तेव्हापासून काय काय झालं ते."

"मग सांगा."

काका वाळूकडे बघत उभे राहिले. "वेग कमी न करताच वळलो. हँडल वळलेलं, त्यात पुढचाच ब्रेक, तोही एकदम. खाली वाळू."

"मग बिघाड कशात आहे?"

"उजव्या हातात," काका म्हणाले. मग पायाने वाळू बाजूला सारत, "आणि घाईत."

"दोन्ही दुरुस्त होतात. चला, कापड काढा."

त्यानंतर बरेच दिवस फक्त ब्रेकचाच धडा चालला. वेग वळणाआधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. दोन्ही ब्रेक एकत्र, आधी हलके, मग दाब वाढवत. काका पटांगणात सुसाट यायचे आणि खडूच्या रेघेपाशी थांबायचे. पुन्हा. पुन्हा. परीक्षेत पहिल्या खेपेला आठचा आकडा काढताना पाय टेकला आणि ते नापास झाले. परीक्षक बाई म्हणाल्या, "काका, गाडी छान चालवता. पुढच्या वेळी मधे मधे श्वासही घ्या." दुसऱ्या खेपेला त्यांनी श्वास घेतला आणि पास झाले.

नव्या इमारतींकडे ते आता गाडीनेच जाऊ लागले. एकदा बाजारातून जाताना उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं. काकांच्या हातापायांनी काकांना न विचारताच काम केलं. गाडी सरळ राहिली, चाकं किंचित करकरली आणि दारापासून हातभर अलीकडे थांबली. मोटारवाला "सॉरी, सॉरी" करत राहिला. काकांनी गाडी कडेला लावली, एका टपरीवर पाणी मागून घेतलं आणि ग्लास रिकामा होईपर्यंत तिथेच बसून राहिले. घरी ते मुलीला एवढंच म्हणाले, "आज रेघेच्या अलीकडे थांबलो." तिने सगळं खोदून खोदून विचारलं. काकू शिलाई थांबवून ऐकत होत्या. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःसाठी हेल्मेट आणायला सांगितलं. "घट्टच आणा," म्हणाल्या.

सोबतचे कारागीर काकांना हसतात, कारण ते कधी गाडी पळवत नाहीत. हसोत बापडे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की बहुतेक वेळा तेच आधी पोचतात.

मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. दर रविवारी फोन येतो. इकडचं तिकडचं झालं की ती विचारते, "टायरची हवा बघितली का?"

"बघितली," काका ठासून सांगतात. फोन ठेवतात आणि चपला घालून हवा बघायला खाली जातात.